चाक पुढे, रेघ मागे

श्रावण तोंडावर आला की आमच्या मालवणात भजनी बुवांना चवथीची घाई लागते. डबलबारी, म्हणजे दोन बुवांची भजनातली जुगलबंदी, रेकॉर्ड होऊन पडलेली असते. तिच्यातला खोकला, मध्येच वाजलेला कुणाचा तरी मोबाईल, पत्र्यावर कोसळलेली सर, हे सगळं काढून ती गणपतीआधी लोकांच्या फोनवर पोचवायची असते. हे काम माझ्याकडे येतं. माऊसनेही जमतं, पण मी एक जुना जॉग व्हील वापरतो. तळहाताएवढा डबा, वर फिरणारं चाक, बाजूला चार बटणं. चाक उजवीकडे फिरवलं की पडद्यावर आवाजाच्या आलेखातली रेघ पुढे जाते, डावीकडे फिरवलं की मागे. पखवाजाची थाप नेमकी कुठे पडते ते बोटाला कळतं. हा डबा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेला घेतला होता. त्याला पाठीमागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट (एका तारेवरून अक्षरं एकामागून एक पाठवणारी जुनी जोडणी) आहे आणि आताच्या लॅपटॉपला तो नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरची शेपटी.

गेल्या पावसाळ्यात एक बुवा शेजारी बसून आपली बारी ऐकत होते. मी चाक पुढे फिरवलं. रेघ दोन पावलं पुढे गेली, एक मागे आली आणि मग जागच्या जागी थरथरत राहिली. बुवा वाकून बघत म्हणाले, "अरे, ह्या चाक उलटा फिरता मा?"

बुवांचं निदान बरोबर होतं. मी मात्र पुढचे दोन दिवस सॉफ्टवेअर काढून परत टाकत बसलो.

असं का होतं? चाक फिरण्यापासून रेघ हलण्यापर्यंतची वाट लांब आहे. चाकाखाली एन्कोडर नावाचा छोटा भाग असतो, तो फिरणं ओळखतो. डब्यातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिपवरचा चिमुकला संगणक, त्यावरून एक अक्षर तयार करतो. माझा डबा चाक एक पाऊल उजवीकडे गेलं की 'आर' आणि डावीकडे गेलं की 'एल' पाठवतो. ते अक्षर तारेतून कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये, मग ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्राम), मग कॉम पोर्ट (विंडोजने त्या जोडणीला दिलेलं नंबरी दार) आणि सगळ्यांत शेवटी सॉफ्टवेअर. बिघाड यांतल्या कुठल्याही मुक्कामावर झालेला असो, दिसतो पडद्यावरच. म्हणून शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

विहिरीवरचा पंप चालू आहे आणि माडाच्या आळ्यात पाणी येत नाही, अशा वेळी आपण काय करतो? पाइप मधल्या जोडावर सोडून बघतो. तिथे पाणी आलं तर भानगड पुढे, नाही तर मागे. एका झटक्यात अर्धी वाट निकालात निघते. सिरियल उपकरणाचंही तसंच आहे आणि त्यातला मधला जोड म्हणजे तो नऊ पिनांचा कनेक्टर.

तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा मी डबा बाजूला काढला आणि कन्व्हर्टरच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना कागदाच्या यू-क्लिपने एकमेकींना जोडल्या. संगणकाच्या बाजूने 3 ही बोलण्याची पिन आणि 2 ही ऐकण्याची. म्हणजे संगणक जे बोलेल ते त्यालाच परत ऐकू येणार. टर्मिनलचा, म्हणजे पोर्टवर अक्षरं पाठवून आलेली दाखवणारा प्रोग्राम उघडला, पाच-सहा अक्षरं टाइप केली, ती पडद्यावर उमटली. क्लिप काढली, उमटायची थांबली. हे दुसरं करून बघायला विसरू नये. काही टर्मिनल तुम्ही टाइप केलेलं आपणहूनच दाखवतात आणि माणूस उगाच खूश होतो. या एका क्लिपने लॅपटॉप, ड्रायव्हर, यूएसबीची तार आणि कन्व्हर्टर असे चौघे निर्दोष सुटले.

मग डब्याकडे वळलो. तो ज्या नियमाने बोलतो तो आरएस-232 हा नियम 1960 सालचा, टेलिप्रिंटरच्या जमान्यातला. तारेवर अक्षर जातं ते 1 आणि 0 यांची रांग होऊन. या नियमात 1 म्हणजे उणे 3 ते उणे 15 व्होल्ट आणि 0 म्हणजे अधिक 3 ते अधिक 15 व्होल्ट. मधल्या पट्ट्यातल्या व्होल्टेजला अर्थ नाही. गप्प बसलेली तार कायम 1 वर, म्हणजे उणे व्होल्टेजवर असते. मल्टिमीटर डब्याच्या 2 आणि 5 नंबरच्या पिनांना लावला (5 म्हणजे ग्राउंड), तर आकडा उणे साडेआठच्या आसपास. डबा जिवंत होता. इथे एक सावधगिरी सांगतो. हल्ली हौशी लोक 5 किंवा 3.3 व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांवर स्वतःच असे कंट्रोलर बनवतात. त्या बोर्डाची पिन थेट आरएस-232 ला जोडली तर हे उणे व्होल्टेज बोर्डाचा जीव घेऊ शकतं. मध्ये व्होल्टेज बदलणारी चिप हवीच.

आता अक्षर जातं कसं ते बघू. सिरियलमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. दोन्ही टोकांनी आपापल्या मनात लय धरायची. माझ्या डब्याची लय 9600, म्हणजे सेकंदाला 9600 मात्रा, एक मात्रा सुमारे 104 मायक्रोसेकंदांची. एका अक्षराला दहा मात्रा लागतात: पहिली सुरुवातीची, आठ अक्षराच्या आणि शेवटची थांब्याची. भजनवाल्यांना सांगायचं तर हा झपताल आहे. सुरुवातीची मात्रा ही सम. ऐकणारा सम पकडतो आणि तिथून पुढे प्रत्येक मात्रेच्या मध्यावर, 1 आहे की 0 ते ऐकायला, कान देतो. पुढचं अक्षर आलं की पुन्हा सम, त्यामुळे झालेली चूक साठत जात नाही. दोघांच्या लयीत दहा मात्रांत अर्ध्या मात्रेचा फरक पडला तर शेवटची मात्रा चुकते. म्हणजे सगळी सूट 5 टक्क्यांची, प्रत्यक्षात त्याहूनही कमी धरावी. डबा 9600 वर आणि सॉफ्टवेअर 19200 वर असेल तर पडद्यावर भलभलती चिन्हं येतात. तसला कचरा दिसला तर आनंद माना, कारण तार ठीक आहे, फक्त लय चुकली आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडणारं, संगीतवाल्यांचं 1983 सालचं मिडी हेही मुळात असंच दहा मात्रांचं सिरियल, फक्त लय 31,250 ची.

माझ्या पडद्यावर कचरा नव्हता. पण ते कळायच्या आधी एक आडवळण झालं. पहिल्या दिवशी मी शेपटी एका यूएसबी खाचेतून काढून दुसरीत घातली होती आणि तिथून पुढे सॉफ्टवेअरला डबा दिसेचना. मूळ दुखणं राहिलं बाजूला, नवीनच सुरू झालं. यूएसबीवर प्रत्येक उपकरण जोडताक्षणी आपली ओळख सांगतं: बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि असलाच तर स्वतःचा अनुक्रमांक. स्वस्तातल्या पुष्कळ कन्व्हर्टर चिपांना हा तिसरा क्रमांक नसतो. मग विंडोज खाचेलाच ओळख समजतं, खोली बदलली की तोच पाहुणा त्याला नवा वाटतो. कॉम 3 चा कॉम 7 झाला आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम 3 चं दार ठोठावत राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर बघून सॉफ्टवेअरमध्ये बदलला की हे मिटतं. त्याहून सोपं म्हणजे खाचेवर रंगाचा ठिपका देऊन ठेवावा. मी लाल नेलपॉलिशचा दिला आहे, त्यावरून घरात व्हायची ती थट्टा झाली. आणखी एक: कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. टर्मिनल बंद न करता सॉफ्टवेअर उघडून 'पोर्ट उपलब्ध नाही' या पाटीकडे मी अर्धा तास बघत बसलो होतो.

यूएसबीचा स्वभावही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती जोडणी 1996 साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. तिच्यात माझ्या डब्यासारख्या उपकरणाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. संगणक सतत विचारत राहतो, "काही आहे का?" काही कन्व्हर्टर चिपांचे ड्रायव्हर तर अक्षरं थोडी साठली की मगच पुढे पाठवतात. एका लोकप्रिय चिपमध्ये ही वाट बघण्याची मुदत मुळात 16 मिलिसेकंदांची असते आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ती 1 पर्यंत खाली आणता येते. चाक चालतं पण जड वाटतं, अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघावं. चहा पिऊन आल्यावर डबा मेलेला सापडत असेल तर विंडोजने वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवलेलं असतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये ती झोप बंद करता येते.

असो. डबा परत जोडला, टर्मिनल उघडं ठेवलं आणि चाक हळूहळू फक्त उजवीकडे फिरवलं. पडद्यावर यायला हवं होतं आर, आर, आर, आर. आलं आर, एल, आर, एल, आर, आर, एल. अक्षरं स्वच्छ, पण बोलणंच खोटं. म्हणजे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, तार, लय या सगळ्यांच्या अलीकडे, थेट चाकाखाली गडबड होती.

एन्कोडरला दिशा कळते कशी, यातली गंमत सांगायलाच हवी. समजा मालवण-कुडाळ रस्त्यावर चौक्याला एक माणूस उभा आहे आणि धामापूरला दुसरा. एसटी दिसली की दोघेही तुम्हाला फोन करतात. आधी चौक्याचा फोन आला तर गाडी कुडाळकडे चालली आहे, आधी धामापूरचा आला तर मालवणकडे. गाडी तुम्हाला दिसायची गरज नाही, फोनचा क्रम पुरे. एन्कोडरमध्ये चकतीवर टेकलेल्या दोन धातूच्या पात्या हेच करतात. वीज जोडली गेली की 1, तुटली की 0. दोघींच्या जोडण्या-तुटण्यात पाव फेऱ्याचं अंतर (एकदा जोडणं आणि तुटणं मिळून एक फेरा) ठेवलेलं असतं, त्यामुळे एका दिशेने 00, 01, 11, 10 असा क्रम येतो आणि दुसऱ्या दिशेने त्याच्या उलट. एका वेळी एकच आकडा बदलतो, दोन कधीच नाहीत.

आता धामापूरच्या माणसाचा फोन बंद पडला तर? चौक्याचा एकटाच 'दिसली', 'गेली', 'दिसली', 'गेली' सांगणार. क्रम होतो 00, 10, 00, 10. मायक्रोकंट्रोलरला वाटतं, चाक एक पाऊल इकडे आणि एक तिकडे चाललं आहे. पडद्यावरची रेघ थरथरते ती म्हणून. दुसरी पाती मध्येच टेकत आणि मध्येच सुटत असेल तर रेघ दोन पुढे, एक मागे. बुवांनी बघितलेलं 'उलटं' ते हेच.

एन्कोडर उघडला तर एका पातीवर हिरवट थर. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तो हाच हिरवेपणा, फक्त इथे आंबटाच्या जागी खारट. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लाटा फुटतात तेव्हा मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर घरात येऊन बसतात. कोरड्या हवेत ते फारसं बिघडवत नाहीत. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच आकड्यापाशी. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कमी आर्द्रतेला ओलावतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा दिवसचे दिवस 75 च्या वरच असते. म्हणजे पातीवर चार महिने खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा. त्यातलं क्लोराइड तांब्याच्या मिश्रधातूला खातं आणि वर जो थर चढतो त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. चांगल्या कनेक्टरच्या टोकांना सोन्याचा मुलामा देतात तो याचसाठी. आपल्या आज्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या, त्यातलाच प्रकार. स्वस्त एन्कोडरच्या पात्यांवर तेवढा खर्च कोण करतो?

उपाय साधा निघाला. यूएसबी काढून ठेवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे तीन-चार थेंब आत सोडले, चाक दोन्हीकडे पन्नासेक वेळा फिरवलं, पुसलं आणि तासभर वाळू दिलं. पात्या घासल्या गेल्या आणि थर निघाला. पॉलिशचा कागद लावला नाही, कारण जो काही पातळ मुलामा असेल तोही त्याने जातो. शिलाई मशीनचं तेल घालण्याचा सल्ला एका हितचिंतकाने दिला होता. तेलाने चाक झकास फिरलं असतं आणि महिन्याभरात धुळीचा चिखल झाला असता. टर्मिनलवर आर, आर, आर, आर अशी रांग लागली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

पण हवा तर तीच राहणार. म्हणून जुन्या फोटोग्राफरांची युक्ती केली. ते कॅमेरे बंद कपाटात ठेवून आत झिरोचा बल्ब जळता ठेवायचे. नावाला झिरो, प्रत्यक्षात पंधराएक वॅटचा, तारेचा बल्ब. एलईडीचा चालत नाही, कारण इथे उजेड नको, ऊब हवी. 28 अंशांची, 88 टक्के आर्द्रतेची हवा 33 अंशांपर्यंत तापली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता साधारण 66 टक्क्यांवर उतरते. पंचाहत्तरच्या खाली. काम संपलं की डबा, कन्व्हर्टर आणि हेडफोन आता त्या कपाटात जातात.

बुवांची बारी चवथीच्या चार दिवस आधी गेली. कपाटात मात्र जागा कमी पडायला लागली आहे. गेल्या आठवड्यात आईने डब्याशेजारी मिठाची बरणी आणून ठेवली, आणि काल कुळथाच्या पिठाचा डबा.