घड्याळातली लाल पाचर

28 एप्रिल 2025 रोजी दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज काही सेकंदांत गेली. लोक आधी फोनकडे धावले. सुरुवातीला फोन लागतही होते, पण तास उलटत गेले तसतसे मोबाइलचे मनोरे मुके होत गेले. संध्याकाळी रस्त्यांवर माणसं सेलवर चालणाऱ्या छोट्या रेडिओभोवती घोळक्याने उभी होती.

यात गूढ काही नव्हतं. फोन बिनतारी असतो तो फक्त हातापासून मनोऱ्यापर्यंत. पुढे सगळी तार, काचेचे तंतू आणि वीज. मनोऱ्याखाली बॅटऱ्या असतात, पण त्या सहसा काही तासांच्याच बेताने बसवलेल्या. त्यात वीज गेली की सगळे एकाच वेळी फोन लावतात. म्हणजे यंत्रणा सर्वांत अशक्त असते तेव्हाच तिच्यावर सर्वांत जास्त भार पडतो.

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, मजा अशी की त्यात मधलं कोणी लागत नाही. इकडे एक संच, एक तार, एक बॅटरी. तिकडेही तेच. मध्ये हवा, नाहीतर थेट आयनांबर, म्हणजे रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा भाग. या छंदाची आंतरराष्ट्रीय संघटना 1925 साली पॅरिसमध्ये उभी राहिली. प्रक्षेपण करायचं तर परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. मग तुम्हाला जगात दुसऱ्या कोणाचंच नसलेलं संकेतनाम मिळतं. संकटात वापरण्यासाठी संच आणून विनापरवाना कपाटात ठेवणं मला पटत नाही. कायद्याचा मुद्दा आहेच, पण ज्याने कधी सरावच केला नाही त्याला त्या रात्री संच चालवताही येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातलाच तो प्रकार.

आता विजेचं बोलू. घरच्या तयारीचा विषय निघाला की बहुतेकांचं मन मोठ्या बॅटरीकडे धाव घेतं. मी म्हणेन, आधी वही उघडा.

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, घरातला खरा शिधा. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या: 256 वॉट-तास. त्यातले 230 निर्धास्त वापरता येतात. तेवढ्याच आकड्याची शिसे-आम्ल बॅटरी मात्र जेमतेम निम्मीच वापरावी, कारण ती वरचेवर तळापर्यंत उपसली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ती लवकर म्हातारी होते. शिवाय तिच्यावर छापलेला आकडा सहसा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. घाईने उपसली तर ती तेवढंही देत नाही. 1859 मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने बनवलेली ही बॅटरी आजही टिकून आहे ती स्वस्ताईमुळे आणि दणकटपणामुळे. लिथियमच्या या जातीत वेगळी नाजुकी: शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करू नये. आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तो पुन्हा निघत नाही.

आता खर्चाची बाजू. शंभर वॉटचा लघुलहरी (शॉर्टवेव्ह) संच बोलताना 20 अँपिअरच्या आसपास ओढतो. हे ऐकून सगळे दचकतात आणि ठरवतात की बोलणंच महागडं. पण बोलणं असतं दोन-चार मिनिटांचं. खरा खादाड निघतो तो ऐकण्याचा खर्च. असा संच नुसता उघडा ठेवला तरी सुमारे एक अँपिअर, म्हणजे 13 वॉट खातो. दिवस-रात्र ऐकायचं तर 312 वॉट-तास. आपली 230 वॉट-तासांची बॅटरी एक शब्दही न बोलता अठरा तासांच्या आत कोरडी पडते.

यावर दोन उपाय, आणि दोन्हींत बॅटरी मोठी करावी लागत नाही. पहिला उपाय लहान संचाचा. पाच वॉटचे कितीतरी संच ऐकताना तीन-चार वॉटवर भागवतात. तीच बॅटरी मग अडीच-तीन दिवस पुरते. 'पण पाच वॉटने काय होणार?' हा प्रश्न येतोच. ऐकणाऱ्या कानाला आणि संचाला शक्तीतला फरक पटींत कळतो, बेरजेत नाही. शंभर वॉट पाचाच्या वीसपट, म्हणजे 13 डेसिबल. समोरच्याच्या संचावर सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर असतो, त्यावर एक पायरी सहा डेसिबलची. तेव्हा वीसपट वीज जाळून पदरात पडतात दोनच पायऱ्या आणि वर थोडं काही. त्या दोन पायऱ्यांनी कधी कधी जीव वाचतो, हे कबूल. पण बहुतेक वेळा तार नीट टांगली तर तेवढंच फुकटात मिळतं.

दुसरा उपाय वेळेचा. तो मला विजेच्या हिशेबाहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची मुळं समुद्रात आहेत.

14 एप्रिल 1912 च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फामुळे थांबलं होतं. त्यावर एकच बिनतारी चालक होता, आणि टक्कर होण्याच्या काही मिनिटं आधीच तो दिवसभराचं काम संपवून झोपायला गेला होता. टायटॅनिकचा संच उत्तम चालत होता, वीजही होती, पण जवळच्या कानात हेडफोन नव्हता. दूरच्या कार्पेथियाचा चालक हॅरोल्ड कॉटम कपडे बदलता बदलता अजून ऐकत होता. सातशेहून अधिक माणसं वाचली त्यामागे हा योगायोग होता.

पुढे सागरी बिनतारीत एक शिस्त आली. 500 किलोहर्ट्‌झ या आणीबाणीच्या वारंवारतेवर दर तासाला दोनदा, मिनिटकाटा 15 ते 18 आणि 45 ते 48 मध्ये असताना, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि कान द्यायचे. क्षीण हाक गर्दीत बुडू नये म्हणून. जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळांच्या तबकडीवर या तीन-तीन मिनिटांच्या लाल पाचरी रंगवलेल्या असत. बोलून चालणाऱ्या संचांची वारंवारता वेगळी, 2182 किलोहर्ट्‌झ, म्हणून तिच्या पाचरी हिरव्या.

घरासाठी हीच कल्पना उसनी घ्यावी. दर तासाच्या ठोक्याला दहा मिनिटं संच उघडायचा, नंतर बंद. दिवसाचे चार तास. खादाड संचाचा खर्चही 312 वरून 52 वॉट-तासांवर येतो. आपली बॅटरी चार दिवस पुरते. अमेरिकेतल्या डोंगरयात्री हॅम मंडळींमध्ये सकाळी सातपासून दर तीन तासांनी पाच मिनिटं ऐकण्याची पद्धत आहे, ती याच जातकुळीची. मात्र वेळ, वारंवारता आणि 'ती नाही लागली तर कोणती' हे तिन्ही आधीच कागदावर लिहून आपल्या आणि पलीकडच्या, दोन्ही घरांत हवं. फोनमध्ये लिहिलेलं नको, कारण सांगायला नकोच.

या हिशेबात इन्व्हर्टर बसवला की दोन भानगडी होतात. एक गळतीची. बॅटरीच्या 12 व्होल्टचे 230 करायचे, मग संचाच्या ॲडॉप्टरने त्यांचे पुन्हा 13.8 करायचे. दर फेऱ्यात दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. वर इन्व्हर्टर नुसता चालू राहण्याचेही काही वॉट घेतो. संच थेट बॅटरीला जोडणं शहाणपणाचं, अर्थात धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज घालूनच. लिथियम बॅटरीची टोकं चुकून जुळली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि तार लालभडक होते.

दुसरी भानगड जास्त गमतीची. इन्व्हर्टर, सोलरचा चार्ज कंट्रोलर, एलईडी दिवे, फोनचे चार्जर हे सगळे आतून वीज सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखो वेळा, चालू-बंद करत असतात. प्रत्येक धारदार चालू-बंदमधून त्या वारंवारतेच्या पटीतले तरंग निघतात आणि थेट लघुलहरींपर्यंत पोहोचतात. परिणाम असा की ज्या यंत्राने घर उजळलं त्यानेच रेडिओ बहिरा केला. कानात नुसती खरखर. तारांवर खरखर शोषणारी फेराइटची कडी चढवून, यंत्र अँटेनापासून लांब नेऊन हे कमी होतं. पण सर्वांत खात्रीचा इलाज पाचरीचाच: ऐकण्याच्या दहा मिनिटांत इन्व्हर्टर बंद. गंमत म्हणजे सगळ्या वस्तीचीच वीज गेलेली असते तेव्हा शेजारपाजारचे चार्जरही गप्प असतात आणि लघुलहरी कमालीच्या स्वच्छ होतात. एरवी खरखरीखाली दडपलेली स्टेशनं वर येतात. अनेक हॅम ही गोष्ट जरा खजील होऊन, पण खुशीत सांगतात.

आता तार. हातातला 145 मेगाहर्ट्‌झचा संच साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. मधे टेकडी आली की संपलं. उंचावरचे रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारे संच, हा टप्पा वाढवतात, पण रिपीटरलाही वीज लागते, हे त्यावर विसंबणारे विसरतात. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या घराशी बोलायचं तर खरी उपयोगी पडते 7 मेगाहर्ट्‌झजवळची लघुलहर. तिची अर्धतरंग अँटेना म्हणजे मधोमध तोडलेली सुमारे वीस मीटर तार. उंच टांगावी असं पुस्तकं सांगतात, पण इथे उलटं करावं: तीन-पाच मीटरवरच ठेवावी. मग लहरी बहुतांशी सरळ वर जातात, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या, आयनांबराच्या एफ थरावरून परततात आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरांत सारख्या पसरतात. पाइपचं तोंड आभाळाकडे धरलं की पाणी आपल्याच भोवती पडतं, तसं. डोंगर मधे आला तरी अडत नाही, कारण वाट वरून आहे. दिवसा 7 मेगाहर्ट्‌झ, रात्री आयनांबर विरळ झालं की 3.5, असा ढोबळ नेम.

आणि बॅटरी अगदी तळाला आली की जुनं कट्ट-कडकट्ट, म्हणजे मोर्स, कामाला येतं. आवाज पाठवायला सुमारे अडीच हजार हर्ट्‌झ रुंदीची खिडकी उघडावी लागते. मोर्सला दीडशे हर्ट्‌झची फट पुरते. खिडकी जितकी अरुंद तितकी कमी खरखर आत येते. हा फायदा बारा डेसिबलच्या घरातला, म्हणजे पाच वॉटचं मोर्स जवळपास शंभर वॉटच्या आवाजाची बरोबरी करतं. मोर्स शिकायचा कंटाळा असेल तर संगणकाने टंकलेखी निरोप पाठवण्याच्या पद्धती आहेत. त्यांतल्या सध्या लोकप्रिय घराण्याचा उगम 2017 मध्ये आलेल्या एफटी-8 पद्धतीत आहे. तिच्या दोन जनकांपैकी जोसेफ टेलर हे 1993 चे भौतिकीचे नोबेल मानकरी. मात्र तिथे लॅपटॉपचं पोट वेगळं भरावं लागतं, आणि ते रेडिओपेक्षा मोठं असतं.

जनरेटरबद्दल थोडक्यात, पण ठासून. तो कधीही घरात, बंद गच्चीत किंवा खिडकीखाली चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. दुसरं म्हणजे त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटला उलटी जोडू नये. ती वीज बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट शिरते, तिथे हजारो व्होल्टची होते आणि वीज गेली म्हणून निर्धास्त खांबावर चढलेल्या माणसाला गाठते. मुख्य तारेपासून घर पूर्ण तोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर उपकरणं थेट जनरेटरला जोडावीत.

आयनांबरही बेभरवशाचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीवर आयनांबराचा खालचा डी थर लघुलहरी गिळून टाकतो, कधी काही मिनिटं, कधी तासभर. मार्च 1989 मध्ये सौर वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे नऊ तास लोक अंधारात राहिले. अशा वादळात वीज आणि लघुलहरी दोन्ही एकदमच रुसू शकतात. तेव्हा हातातला छोटा संच आणि ठरलेली वेळ एवढंच उरतं.

हे सगळं एकदा खरोखर करून पाहायचं तर एखाद्या सुटीच्या संध्याकाळी घराचा मुख्य स्विच पाडावा आणि सकाळपर्यंत वर करू नये. पहिल्या तासात कळतं की बॅटरीची क्लिप संचाला बसत नाही. दुसऱ्या तासात कळतं की वारंवारतेचा कागद वाचायला विजेरी लागते, आणि विजेरीचे सेल गळलेत. रात्री एकच्या पाचरीला आपण झोपलेले असतो, आणि सकाळी पलीकडचा विचारतो, 'कुठे होतात?'