केजन अकॉर्डियन वादनातील लयतंत्रे

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या नैर्ऋत्येकडील केजन लोकांच्या नृत्यसंगीतात एकाच ओळीत दहा बटणे असलेल्या अकॉर्डियनवर ठेका धरण्याच्या पद्धती. केजन हे १७५५ पासून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशियातून हुसकावलेल्या फ्रेंचभाषक अकेडियनांचे वंशज. वाद्य मात्र मूळचे जर्मन बनावटीचे.

हे अकॉर्डियन बहुधा सी स्वरात, म्हणजे पाश्चात्य सी हा षड्ज धरून, असते. भाता दाबला की एक स्वर, ओढला की दुसरा. मधल्या सप्तकात सा-रे, ग-म आणि प-ध या जोड्या एकेका बटणात बसतात. यांतला पहिला स्वर दाबताना येतो, दुसरा ओढताना. पुढचा निषादही ओढतानाच मिळतो आणि तार षड्ज पुन्हा दाबताना. म्हणजे सरळ आरोहातही भात्याची दिशा जवळपास प्रत्येक स्वराला उलटते आणि ध-नि या जागी तेवढी टिकते. प्रत्येक उलटीबरोबर एक झटका येतो. आघात कुठे पडणार हे बरेचसे चालीनेच ठरते. आपल्या पेटीवर भाता नुसती हवा पुरवतो. इथे लयीचा निम्मा कारभार त्याच्याकडे असतो.

म्हणून वादक भाता फार उघडत नाहीत. हालचाल आखूड आणि चपळ ठेवली की आघात नेमके पडतात. लांब स्वरही सहसा धरून ठेवत नाहीत. तेच बटण झटपट दोनतीनदा ठोकून किंवा शेजारचा स्वर मध्ये टाकून त्याचे तुकडे करतात. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकलेला असल्याने चारच बोटे मोकळी उरतात. चाल वाजवताना तर्जनी आणि करंगळीने दोन सप्तकांत एकच स्वर दाबला, की आवाज दणकट होतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात घरोघरी भरणाऱ्या नाचांत याची गरजच होती.

डाव्या हाताला दोनच चाव्या असतात, एक खर्जाची, दुसरी स्वरमेळाची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची. टू-स्टेप या दोनच्या ठेक्यावरच्या नाचात खर्ज आणि मेळ आलटून पालटून, तर वॉल्ट्झ या तीनच्या ठेक्यावरच्या नाचात खर्जानंतर मेळ दोनदा, असा पाठ असतो. पण भाता ओढला की या चाव्यांतून पंचमाचा मेळ निघतो आणि तो चालीतल्या मध्यमाशी भांडतो. त्यामुळे अनेक वादक डावा हात बेताने वापरतात. ठेक्याचा भार फिडल (व्हायोलिन), गिटार आणि लोखंडी त्रिकोणावर टाकणे हेच शहाणपणाचे.

पंचमाला षड्ज मानून वाजवण्याचीही रीत आहे. मूळ मध्यम तेव्हा कोमल निषाद होतो आणि चालीला ब्लूजचा, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकगायकीचा, रंग चढतो. मात्र या पद्धतीत भाता जास्त वेळ ओढला जातो आणि हवेने भरत जातो. डाव्या अंगठ्याने हवेची झडप दाबून, ठेका न चुकवता तो मिटवावा लागतो. नवख्यांची फजिती होते ती बहुतेक इथेच.

केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका १९२८ मध्ये जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांनी केली. लुइझियानातल्या फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय, म्हणजे क्रिओल, समाजातले वादक आमेदे आर्दोआँ यांची मुद्रणे १९२९ पासूनची. अपेक्षित मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर आघात टाकण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. १९३० च्या दशकात तंतुवाद्यांच्या चमूंनी अकॉर्डियन मागे सारले. १९४८ मध्ये आयरी लेज्यून यांच्या मुद्रणाने ते परत आणले. त्यांच्या वादनावर आर्दोआँची छाप उघड ऐकू येते.