वाटी, चमचा आणि पेग : घरगुती कृतींच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

मित्रमैत्रिणींच्या गटात आज चकलीच्या भाजणीचे प्रमाण आणि उर्राकच्या, म्हणजे काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या गोव्याच्या हलक्या मद्याच्या, पेल्यात काय घालावे याची कृती एकापाठोपाठ येऊन पडतात आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मराठी घरांच्या इतिहासात मात्र या दोन कृती अगदी वेगळ्या वाटांनी आलेल्या आहेत. पदार्थाची कृती आधी तोंडी चालली, मग वहीत उतरली आणि पुढे पुस्तकात छापली गेली, पण तिचे माप कित्येक पिढ्या पक्के ठरले नव्हते. मद्याचे उलट झाले. त्याचे माप सरकारी कर आणि कायद्यांनी लवकर ठरवून दिले, पण त्याची घरगुती कृती कागदावर यायला फार वेळ लागला. या उलट्या प्रवासाची कारणे स्वयंपाकघरात जितकी आहेत, तितकीच ती कायद्याच्या पुस्तकातही आहेत.

पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी असली, तरी ती घराची नव्हे, दरबाराची होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ साधारण ११३० चा असून त्यातील अन्नभोगाच्या भागात मांड्यांसारखे आजही ओळखू येणारे पदार्थ आहेत. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात जिलबीची कृती ‘कुंडलिका’ या नावाने येते. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा अभ्यास केल्यामुळे तो आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचला. तंजावरच्या मराठा दरबारात दुसऱ्या सरफोजीच्या काळात तयार झालेल्या पाकशास्त्राच्या हस्तलिखितात तर इंग्रजी धर्तीच्या पदार्थांनाही जागा मिळाली. हे सारे ग्रंथ मोलाचे आहेत, पण एका घरातून शेजारच्या घरात कृती कशी गेली हे ते सांगत नाहीत. पुरणाचा कट आमटीला किती पातळ ठेवावा, हे विचारायला कोणी संस्कृत ग्रंथ उघडला असेल असे वाटत नाही.

छापखान्यामुळे चित्र हळूहळू बदलले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते मराठीतील सर्वांत आधीच्या छापील पाकपुस्तकांपैकी मानले जाते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. पस्तीस वर्षांत सांगणारा पुरुष जाऊन सांगणारी बाई आली, आणि शीर्षकातच गृहिणीशी मैत्रीचे नाते जोडले गेले. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या ‘स्त्री’सारख्या मासिकांमुळे शिकलेल्या घरांतील बायकांना छापील मजकूर वाचण्याची आणि त्यातले हवे ते टिपून ठेवण्याची सवय लागली.

तरीही खरी देवाणघेवाण हळदीकुंकवात, लग्नघरी रुखवताच्या तयारीत, दिवाळीच्या आधी फराळाला मदत करायला आलेल्या शेजारणींत आणि माहेरवाशिणीच्या परतीच्या सामानातच होत होती. तिची भाषा अंदाजाची होती. मूठभर, चिमूटभर, बेताचे, ‘मावेल तितके’ हे शब्द आजच्या वाचकाला ढिले वाटतात, पण ज्या घरात हात त्याच कामाला बसलेले असत, तिथे ते पुरेसे नेमके होते. धान्य मोजायला पायली होती. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी आणि चिपट्याची दोन कोळवी असा हिशेब असे. वजनाला तोळा, छटाक, पावशेर होते. अडचण अशी की शेर गावागणिक बदलत असे, त्यामुळे साताऱ्याची सून कोकणात आली तर आईकडून आणलेले माप तिथे जसेच्या तसे लागू पडेल याची शाश्वती नव्हती. म्हणूनच जुन्या कृतींमध्ये मापाऐवजी प्रमाण सांगण्याची चाल टिकली. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, ही चकलीची भाजणी चिपट्याने मोजा नाहीतर चहाच्या कपाने, ती बिघडत नाही.

प्रमाणाने सगळेच सांगून होत नाही, याचे उत्तम उदाहरण अनारशाचे. कृती दोन ओळींत मावते. तांदूळ तीन दिवस भिजत घालावेत, पाणी रोज बदलावे, मग ते निथळून सावलीत सुकवावेत, दमट असतानाच कुटून चाळावेत, पिठाच्या वजनाइतका गूळ आणि थोडे तूप घालून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यावा, खसखशीवर थापून खसखस वर येईल अशा बेताने मंद तुपात तळावे. हे सगळे तंतोतंत पाळूनही अनारसा तुपात हसतो, म्हणजे जाळी पडण्याऐवजी तो विस्कटून पसरतो, आणि करणारीचे तोंड उतरते. हसला तर गोळ्यात चमचाभर कोरडे पीठ मळायचे, कडक होत असेल तर दुधाचा हबका किंवा केळ्याची फोड कालवायची, हे उपाय पुस्तकाच्या मुख्य मजकुरात क्वचितच येत. ते मैत्रीण सांगे, आणि बहुधा तिचा स्वतःचा घाणा वाया गेल्यानंतरच सांगे. वहीतल्या कृतीच्या समासात वेगळ्या शाईने लिहिलेल्या अशा सूचना हाच माझ्या मते या व्यवहाराचा सर्वांत अस्सल दस्तऐवज आहे, आणि कोणत्याही ग्रंथालयाने तो कधी गोळा केला नाही.

मापांचा गोंधळ मिटवणारे दोन बदल पाठोपाठ आले. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ पर्यंत बाजारातून शेर-छटाक अधिकृतपणे हद्दपार झाले. वाण्याकडे किलो आला, पण घरात तराजू नव्हता, आणि ग्रॅममध्ये लिहिलेली कृती तराजूवाचून निरुपयोगी होती. या पोकळीत १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. प्रत्येक घरातल्या मांडणीवर असणारी वाटी आणि चमचा हेच माप धरून त्यांनी कृती लिहिल्या, आणि पुढच्या काळात या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती घरोघर गेल्या. नव्या लग्न झालेल्या मुलीला आणि शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलाला ते भेट देण्याची पद्धत पडली. वाटी म्हणजे नेमकी केवढी, हा प्रश्न त्यानेही सुटला नाही, पण एकाच वाटीने सगळे मोजले की तो प्रश्नच उरत नाही, ही गोष्ट वाचकांनी लवकर ओळखली.

वाटी-चमच्याच्या जोडीला कुकरने ‘शिट्टी’ हे वेळेचे एकक दिले, तेही मराठी घरांनी बिनतक्रार स्वीकारले. खरा घोटाळा झाला तो परदेशी गेलेल्या मंडळींच्या पत्रव्यवहारात. अमेरिकेतला मोजण्याचा कप साधारण २४० मिलिलिटरचा आणि आपल्या घरातला चहाचा कप त्याच्या निम्म्याहून जरा मोठा. पुण्याहून लिहून पाठवलेला ‘एक कप रवा’ न्यू जर्सीत मोजला गेला की तूप, पाणी आणि साखर चमच्यांत दिलेल्या शिऱ्याचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसऱ्या वाटेकडे. घटक मिसळून केलेले पेय आणि त्याची यारदोस्तांत होणारी देवाणघेवाण याचा एक उगम आपल्याच पश्चिम किनाऱ्याजवळ आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीत आणि आसपास युरोपीय व्यापारी अरक म्हणजे गाळलेले मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून पंच पीत असत, आणि १६३० च्या दशकातील पत्रांत व प्रवासवर्णनांत त्याचे उल्लेख येतात. पुढे इंग्लंडमध्ये या पंचासाठी माडाच्या ताडीपासून काढलेल्या गोव्याच्या अरकाला विशेष मागणी असे. पेय किनाऱ्याचे, साहित्य किनाऱ्याचे, पण कृती लिहिली गेली ती इंग्रजीत आणि छापली गेली तिकडे. अमेरिकेत जेरी थॉमस याचे मद्यमिश्रणांचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले, म्हणजे आपल्या ‘सूपशास्त्रा’च्याही तेरा वर्षे आधी. आपल्याकडे तसे काही झाले नाही, याला सोवळेओवळे आणि प्रतिष्ठेच्या कल्पना कारणीभूत आहेतच, पण त्यावर सगळा भार टाकणे सोपे आणि अपुरे आहे.

दारू गाळणे हे ठाणे, कुलाबा (आजचा रायगड) आणि खानदेशातल्या असंख्य खेड्यांत घरचे काम होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ते हळूहळू गुन्ह्यात मोडू लागले, गाळप उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले, आणि १८९२ च्या महुआ कायद्याने तर काही जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करून साठवण्यावरही बंधने आली. महसुलासाठी सुरू झालेली ही घडी पुढे नीतीच्या नावाने अधिक आवळली गेली. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी पहिली दारूबंदी आली, ती युद्धकाळात सैल पडली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने ती पुन्हा कडक स्वरूपात लागू झाली.

या अधिनियमातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. मद्य जवळ बाळगणे आणि पिणे याबरोबरच मद्याची प्रशंसा किंवा शिफारस करणे, तसा मजकूर छापणे, हेही त्यात निषिद्ध होते. म्हणजे अमुक पेय अमुक पद्धतीने केले तर फार छान लागते, एवढे लिहिणेही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकत होते. या अधिनियमाला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम बव्हंशी कायम ठेवला, पण प्रशंसेवरील ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत असल्यामुळे रद्द ठरवली, आणि मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांनाही बंदीतून मोकळे केले. कागदावर वाट मोकळी झाली तरी मराठी पाकपुस्तकांनी ती धरली नाही. त्यांचा वाचकवर्ग गृहिणींचा होता, आणि मद्य हा पुरुषांचा, तोही घराबाहेरचा, शक्यतो न बोलण्याचा विषय होता.

त्यामुळे पेयाची कृती तोंडीच राहिली आणि मापे मात्र नेमकी झाली. बंदीच्या काळात मुंबईत घरातच चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटी’कडे पेला मिळे, प्रकृतीच्या कारणावरून परवाना काढणारे परवान्यावर पीत, आणि साठच्या दशकात नियम शिथिल झाल्यावर परमिट रूम हा शब्द मराठीत घर करून बसला. तिथला पेग ३० किंवा ६० मिलिलिटरचा, क्वार्टर १८०चा, खंबा ७५०चा. पिणाऱ्या कोणालाही ही मापे झोपेत विचारली तरी सांगता येतील, पण त्यात लिंबू किती पिळायचे हे कुठे लिहिलेले नसे.

या सर्वसाधारण चित्राला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला मुंबई, साष्टी आणि वसईच्या ईस्ट इंडियन समाजाचा. मराठी बोलणाऱ्या या ख्रिस्ती कुटुंबांत बाटली मसाला आणि खिमाड यांच्या कृती एकाच घरात, बहुतेक वेळा एकाच बाईकडे असतात. बाटली मसाला उन्हाळ्यात करतात. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, गहू, चणे असे वीस-तीस जिन्नस वेगवेगळे भाजून मसालेवाल्या बायका लाकडी उखळीत मुसळांनी कुटतात, आणि ऊन लागून रंग उडू नये म्हणून तो बिअरच्या गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. खिमाड हे लग्नात, बाप्तिस्म्याला दिले जाणारे गरम पेय असून त्यात साखर, दालचिनी, लवंग यांचा अर्क आणि गावठी दारू असते. इथे पदार्थ आणि पेय यांच्यात सोवळ्याची भिंत नाही, मात्र गुप्ततेची आहे. मसाल्यातील जिन्नसांची यादी मैत्रिणीला मिळते, त्यांचे प्रमाण बहुधा घरच्याच मुलीला मिळते.

दुसरा अपवाद गोव्याचा. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू तिथे असा रुजला की फेब्रुवारी ते मे हा त्याचा हंगाम पेयांच्या कृतींचाही हंगाम झाला. काजूची बोंडे ‘कोळंबी’ म्हणजे तुडवण्याच्या उथळ कुंडात पायांनी तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीत एकदा गाळला की साधारण १५ टक्के मद्यार्काचा उर्राक होतो, आणि आंबलेल्या रसासह पुन्हा गाळला की ४० टक्क्यांच्या वरची फेणी. फेणी साठवता येते, उर्राक मात्र लवकर उतरतो, म्हणून तो हंगामातच संपवायचा आणि संपवण्यासाठी मंडळी जमवायची. लिंबाची फोड, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिंबूसोडा किंवा लिम्का, एवढीच त्याची कृती. कोणी त्यात कोकमाचे आगळ घालतो आणि मग त्यावरून रात्रभर वाद चालतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला राज्याचे वारसा पेय म्हटले, आणि हॉटेलांनी या घरगुती मिश्रणांना देखण्या पेल्यांत बसवले.

महाराष्ट्रात कोकम, आवळा, करवंद, आंबा यांची सरबते आणि नाशिकची वाईन यांच्या आधारे घरी केलेली मिश्रणे आता मित्रमंडळींत मोकळेपणाने लिहून दिली जातात, त्यांत बायका मागे नाहीत, आणि पेयाच्या कृतीलाही समासातल्या सूचना फुटू लागल्या आहेत : बर्फ आधी घालू नये, मीठ शेवटी, आगळ खारट असेल तर मीठ नकोच. १९४९ चा अधिनियम महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अजून लागू आहे, पिण्यासाठी परवान्याची अट त्यात कायम आहे, आणि विकत आणलेले मद्य घरी मिसळण्याची कृती कोणालाही देता येत असली तरी परवान्याविना ते घरी गाळणे हा आजही गुन्हा आहे.