कोविड एकल महिला (महाराष्ट्र)

कोविड-१९ च्या साथीत पती दगावल्यामुळे संसाराचा भार एकटीवर आलेल्या स्त्रिया. 'करोना एकल महिला' असाही उल्लेख आढळतो. महाराष्ट्रात हा शब्दप्रयोग साधारणपणे २०२१ च्या मध्यापासून, दुसरी लाट ओसरू लागल्यावर, वृत्तपत्रांत आणि शासकीय पत्रव्यवहारात रूढ झाला. साथीचा हिशेब बहुतेक वेळा रुग्णसंख्या, खाटा आणि प्राणवायू यांच्या आकड्यांत मांडला गेला. कर्ता माणूस गेल्यानंतर त्याच्या घराचे काय झाले, हा भाग त्यात मागे पडला.

पूर्वपीठिका : साथ वा दुष्काळानंतर निराधार झालेल्या स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि त्याच सुमारास देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त विधवा व मुलींना आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी काढलेला अनाथ बालिकाश्रमही १८९६ चाच. १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर झालेल्या १९२१ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याची लोकसंख्या घटलेली दिसते. अलीकडच्या काळात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींसाठी महिला किसान अधिकार मंच या संघटनेने पाठपुरावा केला आणि १८ जून २०१९ रोजी राज्य शासनाचा निर्णय निघाला. वारसनोंद, शिधापत्रिका, मुलांचे शिक्षण हे त्यातले मुद्दे कोविड एकल महिलांच्या मागण्यांत पुन्हा आले. तो अनुभव इथे उपयोगी पडला असावा.

साथ आणि कुटुंबे : राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, पहिला मृत्यू १७ मार्चला मुंबईत नोंदला गेला. पहिल्या लाटेचा भर मुंबई, ठाणे, पुणे या नागरी पट्ट्यावर होता. फेब्रुवारी २०२१ पासून विदर्भात, विशेषतः अमरावतीकडे, रुग्ण वाढू लागले आणि एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट खेडोपाडी पोहोचली. राज्यातील नोंदलेले मृत्यू अखेर १ लाख ४८ हजारांवर गेले. देशभरच्या सुरुवातीच्या आकडेवारीत मृतांमध्ये पुरुषांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. दुसऱ्या लाटेत तरुण आणि मध्यमवयीन कर्ते पुरुषही गेले, त्यामुळे मागे राहिलेल्या अनेक स्त्रियांची मुले अजून शाळकरी होती.

आजार एकट्याला होत नसे, घरालाच होई. नवरा जिल्ह्याच्या गावी अतिदक्षता विभागात, बायको तालुक्याच्या कोविड सेंटरमध्ये आणि मुले शेजाऱ्यांकडे, अशी स्थिती असंख्य घरांत होती. निधनाची बातमी फोनवर येई. देह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असे आणि अग्नी बऱ्याच ठिकाणी पालिकेचे कर्मचारी देत. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांत अंत्यविधीला वीस जणांचीच मुभा होती. भेटायला येणारी माणसे, चुलीवर शेजारून येणारी भाकरी, दहाव्याला जमणारा गोतावळा हा दुःखातला आधारच त्या काळात तुटला. या हानीची भरपाई कोणत्याच योजनेत नाही.

दवाखान्याचे बिल हा दुसरा घाव. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांना दरमर्यादा लावली : साध्या कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. काही महागडी औषधे व तपासण्या मात्र या दराबाहेर होत्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभही मे २०२० मध्ये सर्व नागरिकांना खुला झाला. तरी प्रत्यक्षात आधी अनामत भरा, मगच रुग्ण दाखल करून घेऊ, असे अनेकांना सोसावे लागले. दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर हे इंजेक्शन काळ्या बाजारात गेले. पैसा उभा राहिला तो दागिने मोडून, जमीन गहाण टाकून, पतसंस्था, मायक्रोफायनान्स आणि सावकार यांच्याकडून. माणूस गेला आणि हप्ता राहिला. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी जादा बिलांच्या लेखापरीक्षणाची व परताव्याची मागणी लावून धरली.

मृत्यूची नोंद : मदतीची सारी भिस्त 'हा मृत्यू कोविडचा' या एका नोंदीवर होती, म्हणून तिची घडण तपशिलात पाहणे आवश्यक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घरच्यांना मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहिले जात नाही. कलम १७ त्याला मनाई करते. कारण असते ते डॉक्टरने भरलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ असे त्याचे दोन प्रकार आहेत. मृत्यूला थेट कारणीभूत ठरलेली अवस्था वरच्या ओळीत, तिच्यामागची अवस्था त्याखाली आणि साखळीच्या मुळाशी असलेला आजार सर्वांत खाली लिहायचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट केले, की श्वसन निकामी होणे, न्यूमोनिया यांच्या मुळाशी कोविड लिहावा आणि मधुमेह, दमा यांसारखे सहआजार मूळ कारण म्हणून दाखवू नयेत. तपासणी पॉझिटिव्ह असेल तर यू०७.१ आणि लक्षणांवरून निदान असेल तर यू०७.२ असे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक होते. व्यवहारात अनेक प्रमाणपत्रांत 'हृदयक्रिया बंद पडून' एवढीच ओळ असे.

गोंधळाची आणखी दोन कारणे दिसतात. एक, तपासणीचा अहवाल येण्याआधीच रुग्ण दगावणे किंवा केवळ छातीच्या सीटी स्कॅनवरून काढलेल्या एचआरसीटी स्कोअरवर उपचार होणे. दुसरे, नोंदीतील विलंब. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत मिळवले, त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. हे मृत्यू लपवले गेले की पडताळणी उशिरा झाली, यावर तेव्हा बराच वाद झाला. दोन्ही बाजूंनी पुरावे दिले गेले. तरी नंतरही अशीच भर पडत राहिली हे पाहता नोंदव्यवस्थाच ताणाखाली कोलमडली होती, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

गौरव कुमार बन्सल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ प्रमाणे मृतांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देणे बंधनकारक आहे आणि मृत्यूचे कारण नोंदवणारा दस्तऐवज मिळण्याची पद्धत सोपी केली पाहिजे. ३ सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय सूचनांनुसार पॉझिटिव्ह निदानापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोविड मृत्यू ठरला. रक्कम ५०,००० रुपये ठरली आणि वादासाठी जिल्हास्तरीय समित्या आल्या. केवळ दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही म्हणून अर्ज नाकारता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात यासंबंधीचा निर्णय २६ नोव्हेंबर २०२१ रोजी निघाला. जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार आणि आलेले अर्ज २ लाखांहून अधिक, असे चित्र न्यायालयापुढे आले. यात एकाच मृत्यूसाठी दोन वारसांनी केलेले अर्ज धरले तरी एवढी तफावत केवळ दुबार अर्जांची मानणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२०-२१ चे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असते त्याहून जास्त झालेले मृत्यू, सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. केंद्राने त्याची पद्धत अमान्य केली. हा अंदाज बराच कमी करून घेतला तरी अधिकृत आकडा अपुरा ठरतो, याकडे बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञांचा कल आहे.

योजना : दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने जून २०२१ मध्ये ५ लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली, केंद्राने २९ मे २०२१ रोजी घोषित केलेल्या योजनेत वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपयांची तरतूद आहे. आई हयात असलेल्या मुलांना या दोन्हींचा लाभ नव्हता आणि संख्येने तीच कितीतरी जास्त होती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या देशभराच्या माहितीनुसार दोन्ही पालक गमावलेली मुले १०,०९४, तर एक पालक गमावलेली १,३६,९१० होती. अशा मुलांसाठी मुख्य आधार बाल संगोपन योजनेचा. तिचे दरमहा अनुदान तेव्हा १,१०० रुपये होते, ते २०२३ मध्ये २,२५० झाले. आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना होती, परंतु वार्षिक २१,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेमुळे पापड-शिवणकाम करून घर चालवणारी स्त्रीही कागदावर अपात्र ठरू शके. ही मर्यादा वास्तवाला धरून नव्हती.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोल्याचे शिक्षक व कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने तालुकानिहाय याद्या, निवेदने आणि मेळावे यांतून हा प्रश्न शासनापुढे आणला. ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने, एकल महिला व अनाथ मुलांपर्यंत शासकीय योजना पोहोचवण्यासाठी, राज्याचे 'मिशन वात्सल्य' सुरू झाले. तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा यांचे पथक, अशी त्याची रचना. केंद्राची याच नावाची बालसंरक्षण योजना वेगळी आहे; दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. जिथे अंगणवाडी सेविका स्वतः घरी जाऊन कागद गोळा करत, तिथे काम पुढे सरके.

मालमत्ता व मजुरी : हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मात्र हक्क असणे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे यांत अंतर असते. फेरफारासाठी वारसाचा अर्ज लागतो आणि तो द्यायला सून निघाली की दीर-सासऱ्यांशी बेबनाव सुरू होतो, हा एकत्र कुटुंबांतील नेहमीचा अनुभव. बीड भागातील ऊसतोडीत तर मजुरीचे एककच 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, या जोडीच्या नावावर असते. नवरा गेल्यावर स्त्री 'अर्धा कोयता' ठरते : मजूर पुरवणारा मुकादम तिला सहजी टोळीत घेत नाही, घेतले तर उचल निम्मी देतो. तिला जोडीला वाढता मुलगा किंवा भाऊ न्यावा लागतो आणि मुलगा नेला की त्याची शाळा सुटते.

विधवा प्रथा : कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामसभेने मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या तोंडावर, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागील प्रेरणा काही जण २०२१ मधील कोविड मृत्यूंत शोधतात. विधवा प्रथेविरुद्ध मोहीम चालवणारे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी या मोहिमेचा आरंभ साथीच्या काळात हृदयविकाराने वारलेल्या एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीशी जोडला आहे. कोविड हे थेट कारण न मानता, त्या वर्षांत घरोघरी दिसलेल्या वैधव्यामुळे गावे हा ठराव ऐकायला तयार झाली, असे म्हणणे अधिक सुरक्षित. १७ मे २०२२ च्या परिपत्रकाने ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. परिपत्रक केवळ आवाहनाच्या स्वरूपाचे असल्याने स्वतंत्र कायद्याची मागणी त्यानंतरही होत राहिली.