‘इट इज वेल विथ माय सोल’: ‘ठीक आहे’ म्हणण्यामागची तीन वर्षे

इंग्रजी ख्रिस्ती उपासनेत अंत्यविधीच्या वेळी ‘माझ्या जिवाचे ठीक आहे’ अशा अर्थाचे हे गीत फार म्हटले जाते आणि सोबत त्याची गोष्टही सांगितली जाते. जहाज बुडाले, चार मुली गेल्या, आणि त्याच पाण्यावरून जाताना बापाने हे शब्द लिहिले. यातला शेवटचा भाग मात्र तपासून घ्यायला हवा, कारण गीताचा अर्थ त्यावरच फिरतो.

होरेशिओ स्पॅफर्ड शिकागोतला वकील. १८७१ च्या आगीत त्याची जमिनींत गुंतवलेली बरीचशी मिळकत गेली. दोन वर्षांनी कुटुंबाने युरोपला जायचे ठरवले. ऐनवेळी काम निघाल्याने तो मागे राहिला. पत्नी अ‍ॅना आणि अ‍ॅनी, मॅगी, बेसी, टॅनेटा या मुली ‘व्हिल द्यू हाव्र’ या जहाजाने पुढे निघाल्या. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी पहाटेपूर्वी अटलांटिकमध्ये ‘लॉख अर्न’ या जहाजाशी टक्कर झाली आणि अवघ्या १२ मिनिटांत त्यांचे जहाज तळाला गेले. २२६ माणसे बुडाली. अ‍ॅना बेशुद्धावस्थेत पाण्यावर सापडली. वेल्समध्ये उतरल्यावर तिने नवऱ्याला तार केली. तारेची सुरुवातच अशी: ‘एकटी वाचले.’

स्पॅफर्ड लगेच तिला आणायला निघाला. गीत त्याच प्रवासात लिहिले गेले, असे त्याची पुढे जन्मलेली मुलगी बर्था सांगते. पण प्रसिद्ध गायक आयरा सँकी १८७६ मध्ये स्पॅफर्डच्या घरी काही आठवडे मुक्कामाला होता, आणि गीत त्याच दिवसांत लिहिले गेले असे त्याने आठवणींत नोंदवले आहे. हस्तलिखितही शिकागोतल्या एका हॉटेलच्या कागदावर आहे. मला सँकीची साक्ष अधिक पटते. हे शब्द लाटांकडे बघता बघता सुचलेले नाहीत. त्या चार मुलींवाचून तीन वर्षे काढल्यावर ते आले आहेत.

हस्तलिखितातला एक शब्द तर मनात घर करून राहतो. आज आपण गातो त्या ओळीत ‘माझ्या वाट्याला काहीही येवो, ठीक आहे असे म्हणायला तू मला शिकवलेस’ असा भाव आहे. मूळ कागदावर ‘म्हणायला’च्या जागी ‘जाणायला’ आहे. म्हणणे एका श्वासात होते. जाणायला दिवस जातात.

गीताच्या पहिल्या ओळींतल्या नदीसारख्या शांतीचे आणि समुद्राच्या लाटांचे मूळ बायबलच्या यशया या पुस्तकात, ४८:१८ मध्ये आहे. तिथे मात्र हा देवाच्या तोंडचा विलाप आहे: तू माझे ऐकले असतेस, तर तुझी शांती नदीसारखी झाली असती. पुढच्याच वचनात संतती वाळूच्या कणांइतकी झाली असती, असे येते. चार मुली गमावलेल्या बापाने हे पान उघडले असेल, तर तो पुढची ओळ वाचल्याशिवाय थांबला असेल असे मला वाटत नाही.

‘ठीक आहे’ हे उत्तरही बायबलमधलेच. २ राजे, अध्याय ४ मध्ये शूनेमच्या बाईचा मुलगा तिच्या मांडीवर मरतो. त्याला अलीशाच्या खाटेवर निजवून, दार लावून, ती त्या संदेष्ट्याकडे धावते. वाटेत अलीशाचा नोकर विचारतो, मूल ठीक आहे ना? ती म्हणते, ठीक आहे. मूळ हिब्रूत शब्द आहे ‘शालोम’, म्हणजे शांती, क्षेम. सुतकात भेटायला आलेल्याने ‘कसं आहे?’ विचारले, की आपल्याकडेही ‘बरं आहे’ म्हणतातच. पण ही बाई तेवढ्यावर थांबत नाही. अलीशाचे पाय धरून मनातले सगळे बोलते.

मधल्या कडव्यात गीत अचानक पापाकडे वळते, तेव्हा पुष्कळ जण गोंधळतात. पण मुले गेली की पहिला प्रश्न तोच असतो: ही माझ्या पापाची शिक्षा तर नाही? त्याचे पाप, अर्धवट नव्हे तर संपूर्ण, क्रुसाला खिळले गेले आहे, असे स्पॅफर्ड तिथे लिहितो. मग शिक्षा उरलीच कुठे? माझ्या मते गीताचा कणा हाच आहे. १८८० मध्ये त्यांचा, जहाज बुडाल्यानंतर जन्मलेला, लहान मुलगाही आजाराने गेला आणि पुढच्या वर्षी कुटुंब जेरुसलेमला जाऊन राहिले.

गीताची चाल संगीतकार फिलिप ब्लिसची. तिला त्याने बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले. ध्रुपदात वरच्या आवाजांनी ‘ठीक आहे’ म्हणायचे आणि खालच्या आवाजांनी तेच पुन्हा म्हणायचे, अशी त्याची बांधणी. गीत १८७६ मध्ये छापले गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ओहायोत अ‍ॅश्टाब्युला इथे रेल्वेचा पूल कोसळला. त्या गाडीत ब्लिस आणि त्याची पत्नी होती. दोघेही गेले.