काउंट ग्योत्सेन आणि ओसाड गावांतली माशी

1890 मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी पूर्व आफ्रिकेच्या सीमा आपसात ठरवल्या, तेव्हा रवांडा जर्मनीच्या वाट्याला आला. रवांडाचा राजा किगेली चौथा र्वाबुगिरी याला या वाटणीचा पत्ताही नव्हता. त्याचा दरबार तोवर कुणा जर्मन माणसाने पाहिलेला नव्हता. तिथे पोहोचायला पुढची चार वर्षे गेली आणि पोहोचला तो अठ्ठावीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी, काउंट गुस्ताफ आडोल्फ फॉन ग्योत्सेन.

त्याचा जन्म 1866 चा, सायलेशियातल्या एका सरदार घराण्यातला. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. कायद्याचे शिक्षण झाल्यावर तो उलान, म्हणजे भालाईत, घोडदळात शिरला. 1891 मध्ये किलिमांजारोच्या भागात जाऊन आला आणि त्याला आफ्रिकेची ओढ लागली. डिसेंबर 1893 मध्ये हिंदी महासागराच्या काठावरच्या पंगानी बंदरातून तो निघाला. सोबत प्रिटविट्झ आणि डॉक्टर केर्स्टिंग हे दोन जर्मन, आणि सामान वाहणारे शेकडो आफ्रिकी हमाल. या हमालांच्या पाठीवरच अशा मोहिमा पार पडत, आणि नावे मात्र काउंटांची राहिली. मे 1894 मध्ये रुसुमो धबधब्यापाशी तो रवांडात उतरला, राजाला भेटला, किवू सरोवर गाठले आणि पुढे काँगोचे घनदाट जंगल तुडवत त्या वर्षाच्या अखेरीस अटलांटिकच्या बाजूला बाहेर पडला.

जूनमध्ये तो न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहिला. सुमारे 3,470 मीटर उंचीच्या या डोंगरावर चढलेला तो पहिला युरोपीय. आफ्रिका खंड इथे उभे फाटते आहे. सोमाली भूपट्ट मुख्य खंडापासून वर्षाला काही मिलिमीटरने दूर सरकतो, कवच पातळ होते आणि खोलवरचा शिलारस वर येतो. न्यिरागोंगोच्या लाव्हात सिलिका फारच कमी, म्हणून तो कमालीचा पातळ. 10 जानेवारी 1977 ला डोंगराच्या कडा फुटल्या तेव्हा तो उतारावरून इतक्या वेगाने धावला की माणसांना पळायला वेळ मिळाला नाही. 2002 मध्ये हाच लाव्हा गोमा शहराच्या मध्यातून गेला आणि 2021 मध्ये पुन्हा शहराच्या उंबरठ्याशी आला.

पायथ्याचे किवू सरोवर याच ज्वालामुखींनी घडवले. पूर्वी इथले पाणी उत्तरेला वाहत असे. विरुंगा पर्वतरांग उभी राहिली, वाट अडली, आणि आज ते रुझिझी नदीतून दक्षिणेला टांगानिका सरोवरात जाते. जवळपास 480 मीटर खोल पाण्याच्या तळाशी सुमारे 300 घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि 60 घन किलोमीटर मिथेन विरघळलेला आहे. 1986 मध्ये कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून असाच वायू एकदम उसळला आणि सतराशेहून अधिक माणसे गुदमरून मेली. किवू त्याहून कितीतरी मोठे, आणि काठावर लाखोंची वस्ती. रवांडा आता या पाण्यातला मिथेन काढून वीज करतो.

ग्योत्सेनने हे सारे नकाशावर आणले, प्रवासवर्णन लिहिले आणि जर्मनीत त्याचे नाव झाले. पण तो ज्या पूर्व आफ्रिकेतून चालत गेला ती नुकतीच एका भयानक साथीतून बाहेर आली होती. 1887 च्या सुमारास आजच्या इरिट्रियात गुरांचा बुळकांडी रोग शिरला. भारतातून आणलेल्या गुरांबरोबर तो आला असे मानले जाते. 1891 पर्यंत तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि कित्येक भागांत दहांतली नऊ जनावरे गेली. गाई गेल्या तशा रानम्हशीही गेल्या. चरायला जनावर नाही, म्हणून गवत माजले; राखायला माणूस नाही, म्हणून काटेरी झुडपे पसरली. पुढची कहाणी कळायला ही झुडपे ध्यानात ठेवावी लागतात.

वॉशिंग्टनला लष्करी प्रतिनिधी म्हणून राहून आल्यावर 1901 मध्ये ग्योत्सेन जर्मन पूर्व आफ्रिकेचा गव्हर्नर झाला. म्हणजे आजचा टांझानियाचा मुख्य भूभाग, रवांडा आणि बुरुंडी. त्याच्या कारकिर्दीत उसांबाराच्या डोंगरात अमानी इथे शेती आणि वनस्पतिशास्त्राची मोठी संशोधन संस्था उभी राहिली. विरुंगातल्या पर्वतीय गोरिलाची विज्ञानाला ओळख झाली तीही याच काळात. 1902 मध्ये फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याने तो मारला, आणि आज त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात बेरिंगेचेच नाव आहे. वसाहतीत चलन होते रुपया, कारण हिंदी महासागराच्या व्यापारात तोच चाले. 1904 मध्ये त्याचे 64 पैशांऐवजी 100 हेलर झाले.

झोपडीमागे कर या रुपयातच भरायचा होता. जर्मन गिरण्यांना अमेरिकेच्या कापसावरचे अवलंबन कमी करायचे होते. म्हणून 1902 पासून ग्योत्सेनच्या सरकारने दक्षिणेच्या गावांवर सामायिक कापूसशेती लादली. गावातल्या प्रत्येकाने वर्षातले ठरावीक दिवस त्या शेतावर राबायचे, आणि हातात पडायचे इतके थोडे की कित्येकांनी ते घेतलेच नाही. कापसाची निंदणी आणि वेचणी नेमकी धान्याच्या कामांच्या वेळी येई. त्यातच शिकारीवर निर्बंध आले, त्यामुळे रानडुकरांपासून पीक राखणेही अवघड झाले. ज्या सरकारपाशी अमानीसारखी संस्था होती, त्याने शेतकऱ्याच्या वर्षाचा हा साधा हिशेब केला नाही, याचा मला राग येतो.

रुफिजी नदीच्या परिसरात न्गारांबे गावी किंजिकितिले न्ग्वाले नावाचा एक पुरुष होता. तो लोकांना मंत्रवलेले पाणी देई. ते घेतले की जर्मनांच्या गोळ्यांचे पाणी होईल असा त्याचा शब्द होता. स्वाहिलीत पाण्याला माजी म्हणतात, म्हणून उठावाचे नाव पडले माजी माजी. जुलै 1905 च्या अखेरीस मातुंबी डोंगरातल्या लोकांनी कापसाची झाडे उपटली आणि वणवा पेटला. त्याआधी कधीही एकत्र न आलेल्या वीसहून अधिक जमाती त्यात उतरल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला किंजिकितिलेला फाशी दिली गेली, पण पाणी पुढे जातच राहिले. 30 ऑगस्टला महेंगेच्या ठाण्यावर हजारो लोक मशीनगनसमोर चालून गेले.

ग्योत्सेनकडे सैन्य थोडे होते. त्याने जर्मनीकडून कुमक मागवली आणि ऑक्टोबरपासून तुकड्या दक्षिणेत पाठवल्या. वांगेनहाइम नावाच्या कॅप्टनने त्याला स्पष्ट लिहिले होते की लढाईने काही होणार नाही, भूक आणि उपासमारच लोकांना शरण आणील. तसेच केले गेले. गावे जाळली, धान्याची कोठारे जाळली, उभी पिके नष्ट केली, पेरणी होऊ दिली नाही. 1909 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ग्योत्सेनने ही जाळपोळ अपरिहार्य होती असे समर्थन केले. सोंगेया इथे फेब्रुवारी 1906 मध्ये उठावात उतरलेल्या न्गोनी जमातीच्या सरदारांना सामूहिक फाशी दिली. 2023 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तिथे गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. या युद्धात युरोपीय मेले 15. आफ्रिकी मृत्यूंचा जर्मन सरकारचा आकडा 75,000 होता, इतिहासकारांचा अंदाज अडीच ते तीन लाखांचा आहे, आणि त्यांतले बहुतेक भुकेने गेले.

युद्ध 1907 मध्ये संपले. ग्योत्सेन त्याआधीच, 1906 मध्ये परतला होता. तो हॅम्बुर्गला प्रशियाचा राजदूत झाला आणि 1910 मध्ये चव्वेचाळीसाव्या वर्षी वारला. टांगानिका सरोवरावर 1915 मध्ये सोडलेल्या जर्मन जहाजाला त्याचे नाव दिले होते. पहिल्या महायुद्धानंतर वसाहत इंग्रजांच्या हाती आली; त्यांनी बुडालेले ते जहाज वर काढून त्याचे लिएंबा असे नामकरण केले.

दक्षिणेतल्या ओसाड शेतांवर मात्र दुसरेच काही घडत होते. त्सेत्से माशी सावलीची. रणरणत्या उन्हात ती टिकत नाही. तिची वाढही इतर माश्यांहून निराळी: मादी अंडी घालत नाही, एकच अळी पोटात वाढवते, तिला दुधासारख्या स्रावावर पोसते आणि दर नऊ-दहा दिवसांनी सावलीतल्या भुसभुशीत मातीत सोडते. इतक्या मंद प्रजननामुळे झुडपे तोडली, जनावरे हाकलली की ती झपाट्याने ओसरते. शेती करणारे दाट वस्तीचे गाव हीच तिच्यावरची सर्वांत प्रभावी मात असते. तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोमा हा परजीवी जातो. त्याने गुरांना नागाना हा जीवघेणा रोग होतो, हे डेव्हिड ब्रूसने 1895 मध्ये दाखवले. माणसांत याच गटातल्या परजीवींनी निद्रारोग होतो.

माजी माजीनंतर झुडपे तोडायला माणसेच उरली नव्हती. शेतांवर पुन्हा रान चढले, रानडुकरे आणि हत्ती आले, त्यांच्या रक्तावर जगणारी माशी आली. वाचलेल्या लोकांनी परत शेती धरली तर पिके रानात जात आणि गुरे नागानाने मरत. बुळकांडीने सुरू केलेले काम भुकेच्या युद्धाने पुरे केले, असे म्हणावे लागते. जर्मनांनी आधीच शिकारीची राखीव क्षेत्रे आखली होती. इंग्रजांनी 1922 मध्ये त्यांतल्या एकाला सेलूस हे नाव दिले आणि पुढे ते वाढवत नेले. 1940 च्या दशकात निद्रारोगाचे कारण देऊन लिवाले भागातली उरलीसुरली गावे हलवली, आणि ती जमीनही राखीव झाली.

1982 मध्ये युनेस्कोने सेलूसला जागतिक वारसा ठरवले. सुमारे 50,000 चौरस किलोमीटर क्षेत्र, हत्ती, काळे गेंडे, पाणघोडे आणि मानवी हस्तक्षेपापासून बऱ्याच अंशी मुक्त, अशी त्याची ओळख आजही करून दिली जाते. हत्तींबद्दल ती बरोबर आहे. मानवी हस्तक्षेपाबद्दल मात्र ती चुकीची आहे, कारण या रानाच्या मोठ्या भागात 1905 पूर्वी माणसे ज्वारी-बाजरी पिकवत होती.