किशोरकुमारचे विनोदी संगीतपट आणि त्यांतील जोडीदार

हिंदी बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात पडद्यावर गाणाऱ्याला स्वतःच गावे लागे. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाचा वापर झाला आणि चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा ही सोय रुळत गेली. १९४७ च्या जानेवारीत सैगल गेले, त्याच वर्षी फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, आणि पन्नाशीच्या दशकात स्वतःच्या गळ्याने गाणारे नट सुरैया, तलत महमूद अशा मोजक्या नावांपुरते उरले. किशोरकुमारचे विनोदी संगीतपट याच काळातले आहेत. गायक-नटांची ती परंपरा बहुतांशी करुण आणि गंभीर रसाची होती. किशोरने तिला हसायला लावले, आणि ते साधले त्यात त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नटांचा वाटा आजवर मानला गेला त्याहून बराच मोठा आहे.

खांडव्याच्या वकील गांगुलींचा हा धाकटा मुलगा. थोरले बंधू अशोककुमार मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये नामवंत झाले होते आणि धाकट्यानेही नटच व्हावे असा त्यांचा आग्रह होता. किशोरला मात्र गायचे होते. १९४८ च्या ‘जिद्दी’त खेमचंद प्रकाश यांनी त्याला देव आनंदसाठी गायला लावले, तरी शास्त्रीय तालीम नसलेल्या या आवाजावर संगीतकारांचा चटकन विश्वास बसला नाही. बिमल रॉय यांच्या ‘नौकरी’ (१९५४) या चित्रपटाचा नायक तो स्वतः असूनही सलील चौधरी यांच्या मनात आधी हेमंतकुमार यांचा आवाज होता. पुढे ‘रागिणी’त (१९५८) तर ‘मन मोरा बावरा’ हे रागदारी वळणाचे गाणे ओ. पी. नय्यर यांनी मोहम्मद रफी यांच्याकडून गाऊन घेतले आणि पडद्यावर ओठ हलवले ते किशोरने.

आपल्या गळ्याला साजेसे गाणे त्याला विनोदातच मिळाले. त्यात एका मराठी संगीतकाराचा मोठा हात आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांसाठी पाश्चात्त्य बँडचा ठेका मनसोक्त वापरला होता. मुंबईच्या वाद्यवृंदांत तेव्हा गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. १९५७ च्या ‘आशा’साठी रामचंद्रांनी रॉक अँड रोलच्या चालीवर ‘ईना मीना डीका’ बांधले. खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडगीतावरून मुखडा सुचला आणि ‘माका नाका’ हे कोकणी शब्द त्यांच्या गोमंतकीय साहाय्यकाने पुरवले, असे सांगितले जाते. गाण्याला अर्थ जवळजवळ नाहीच. त्यामुळे सगळा भार आवाजावर आणि अंगविक्षेपांवर पडतो, आणि तो पेलायला गाणारा व नाचणारा माणूस एकच असावा लागतो.

या प्रकारातला सर्वांत भरीव चित्रपट म्हणजे सत्येन बोस दिग्दर्शित ‘चलती का नाम गाडी’ (१९५८). तीन सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच झाले आणि मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवू लागले. थोरला अशोककुमार स्त्रीजातीचे नाव काढले तरी भडकणारा, मधला अनूपकुमार भित्रा, आणि धाकटा किशोर खोडकर. पावसाळी रात्री बंद पडलेली गाडी घेऊन मधुबाला गॅरेजात येते, तो प्रसंग आजही पाहावा. ‘एक लडकी भीगी भागी सी’ गाताना किशोर नायकासारखा उभा राहत नाही; दुरुस्तीचे काम आणि गाणे त्याच्या हातून एकाच तालात चालते. या गाण्याचा ठेका ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकी गीतावरून घेतलेला आहे, पण सचिनदेव बर्मन यांनी तो अंगावर असा बसवला आहे की उसनवारी बोचत नाही. दुरुस्तीचे पैसे बुडतात आणि त्यातून ‘पाँच रुपैया बारा आना’चा तगादा सुरू होतो. हा आकडा म्हणजे इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजच्या उपाहारगृहातली किशोरची स्वतःची उधारी, अशी आख्यायिका आहे.

अशोककुमार यांचा कपाळावर आठ्या घातलेला चेहरा समोर नसता, तर किशोरची धांदल निव्वळ माकडचेष्टा वाटली असती. मधुबाला त्याच्या खोड्यांना हसते, पण त्याच्यापुढे फिकी पडत नाही. खलनायक के. एन. सिंग तर आपण विनोदी चित्रपटात आहोत याची दखलच घेत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

प्राण यांनी हीच युक्ती ‘हाफ टिकट’मध्ये (१९६२) आणखी पुढे नेली. अर्ध्या तिकिटासाठी लहान मुलाचे सोंग घेतलेल्या नायकाच्या खिशात त्यांनी हिरा लपवलेला असतो, म्हणून चित्रपटभर ते त्याच्या मागे धावतात. ‘आके सीधी लगी दिल पे’ या गाण्यात स्त्रीवेषातला किशोर नाचतो, समोर प्राण पुरुषाच्या ओळी म्हणतात, आणि दोन्ही आवाज किशोरचेच आहेत. लता मंगेशकर उपलब्ध नव्हत्या म्हणून हे घडले, असे म्हणतात. कारण काहीही असो, प्राण यांनी ते गाणे इतक्या इमानाने निभावले आहे की आवाज त्यांचा नाही हे विसरायला होते.

‘झुमरू’त (१९६१) किशोरने अभिनय, गायन आणि संगीतदिग्दर्शन एकट्याने पेलले, आणि ‘कोई हमदम ना रहा’ हे अशोककुमार यांनी ‘जीवन नैया’त (१९३६) गायलेले, सरस्वती देवी यांच्या चालीचे गीत नव्याने गायले. पण साठीच्या दशकात रंगीत, थंड हवेच्या ठिकाणांच्या प्रेमकथांची लाट आली आणि या स्वस्तातल्या कृष्णधवल चित्रपटांची मागणी आटली. भरीला प्राप्तिकराचा ससेमिरा लागला आणि किशोर हातात येईल तो चित्रपट करू लागला. त्यांतले बरेचसे आज कोणाच्या लक्षात नाहीत, आणि ते विसरले गेले त्यात फारसे वाईट झाले नाही.

१९६८ च्या ‘पडोसन’मध्ये तो स्वतःच साहाय्यक भूमिकेत गेला. नायक सुनील दत्तला गाता येत नाही, म्हणून त्याचा गुरू विद्यापती आडून गातो. म्हणजे पार्श्वगायनाचीच गोष्ट झाली. ‘एक चतुर नार’मध्ये मेहमूदच्या तोंडी मन्ना डे यांचा पक्का शास्त्रीय आवाज आहे आणि समोर किशोरची बेतालपणे चाललेली, तरी सुरात राहणारी झुंज. हा मुखडाही अशोककुमार यांच्या ‘झूला’मधला (१९४१). पुढच्याच वर्षी ‘आराधना’ आला, किशोरचा आवाज राजेश खन्नाच्या चेहऱ्याला चिकटला, आणि नटाच्या भूमिका मागे पडत गेल्या. १९७४ साली त्याने ‘बढती का नाम दाढी’ स्वतः दिग्दर्शित केला. त्यात अशोककुमार पुन्हा होते, मधुबाला मात्र १९६९ सालीच गेली होती.